ध्वनिक्षेपकासमोर

मनमाडहून काचीगुड्याकडे जाणारा लोहमार्ग जालना मागे टाकून आग्नेयेकडे वळला, म्हणजे दुधना नदीच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन सुरू होते. याच मार्गावर परतूर हे तालुक्याचे गाव आहे. कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन ही या मुलखातील शेतकऱ्याची पिके. पाऊस केव्हा येणार, कापसाला काय भाव मिळणार आणि सरकारने कोणता नवा निर्णय घेतला, या तीन प्रश्नांवर त्याचे वर्षाचे गणित अवलंबून असते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या माणसाच्या तोंडून त्याला कित्येक वर्षे मिळत आली, तो माणूस त्याने डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. तो सत्तर किलोमीटरांवर, परभणीस, एका बंद खोलीत ध्वनिक्षेपकासमोर बसलेला असे.

परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झाले. त्या वेळी परतूर तालुका परभणी जिल्ह्यातच मोडत होता, त्यामुळे हे केंद्र गावकऱ्यांना आपल्याच घरचे वाटावे हे साहजिक होते. पुढे १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि परतूर त्यात गेले. कचेरीची कामे जालन्याला होऊ लागली. पण रेडिओचा काटा मात्र परभणीवरच राहिला. जिल्ह्यांच्या सीमा कागदावर आखता येतात, त्या ध्वनिलहरींना कोण समजावून सांगणार?

या लहरींची थोडी ओळख येथेच करून घेणे बरे. परभणी केंद्राची कंपनसंख्या १३०५ किलोहर्ट्झ आहे. म्हणजे त्याच्या मनोऱ्यातून निघणारी विद्युच्चुंबकीय लहर एका सेकंदात तेरा लाख पाच हजार वेळा कंप पावते. प्रकाशाप्रमाणे तीही सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने धावते. वेगाला कंपनसंख्येने भागले, की लहरीची लांबी मिळते. ती येथे सुमारे २३० मीटर भरते. जुन्या रेडिओच्या तबकडीवर किलोहर्ट्झबरोबर मीटरचेही आकडे छापलेले असत, ते याच हिशेबाने. माणसाची हाक हवेतून परभणीहून परतुरास पोहोचू शकली असती, तर तिला सुमारे साडेतीन मिनिटे लागली असती. रेडिओची लहर तेच अंतर सेकंदाच्या चार हजाराव्या भागाहूनही कमी वेळात कापते. मध्यम लांबीच्या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. रात्री मात्र त्या उंच आकाशातील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो कोस दूर जाऊन पडतात. म्हणूनच रात्री खाटेवर पडून काटा फिरवणाऱ्याला अनोळखी भाषांचे अस्पष्ट सूर ऐकू येत.

हिंदुस्थानात नियमित ध्वनिप्रक्षेपणाचा आरंभ मुंबईत झाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. त्याच्या आधी चार वर्षे तेथील हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबाने प्रयोग करून पाहिले होते. कंपनीचा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. तीन वर्षांतच तिचे दिवाळे निघाले, आणि १९३० साली सरकारला हे काम आपल्याकडे घ्यावे लागले. १९३६ साली या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हे आपल्याला आज ओळखीचे असलेले नाव म्हैसूर संस्थानातील, डॉ. गोपालस्वामी यांनी १९३५ साली चालवलेल्या केंद्राचे होते. ते स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाने उचलले. पहाटे केंद्र सुरू होताना जी व्हायोलिनची धून वाजते, ती वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने बांधली. हा मूळचा मध्य युरोपातला ज्यू गृहस्थ. नाझींच्या छळाच्या काळात त्याने मुंबईत आसरा घेतला आणि तेथील नभोवाणी केंद्रावर नोकरी केली. निर्वासिताने रचलेल्या त्या सुरांनी या देशातील घराघरांची सकाळ होऊ लागली.

मराठवाड्यात रेडिओ आला तो निजामाच्या सरकारचा. हैदराबादचे केंद्र १९३५ साली निजाम सरकारने ताब्यात घेतले. औरंगाबादेसही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातही, त्याच सरकारने एक केंद्र काढले होते. सत्ता ज्याची, आवाज त्याचा, असा तो काळ होता. स्टेट काँग्रेसचे सत्याग्रही तुरुंगात जात होते, सीमेवरील छावण्यांतून तरुण लढत होते; पण त्यांची बाजू त्या केंद्रांवरून ऐकू येणे शक्यच नव्हते. अखेर सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्ध थांबवल्याचे जाहीर केले. ही घोषणाही त्याला नभोवाणीवरूनच करावी लागली. ज्या यंत्रातून त्याचे हुकूम सुटत, त्याच यंत्रातून त्याची शरणागतीही ऐकू आली. १९५० च्या एप्रिलमध्ये ही केंद्रे भारत सरकारकडे आली. परतूरच्या शाळांतून १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते, तेव्हा या गोष्टीची आठवण सहसा कोणी काढत नाही. ती काढण्याजोगी आहे.

सत्तेच्या हाती नसलेला आवाज किती महाग पडतो, याचे उदाहरण मुंबईतच घडले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये महात्मा गांधी आणि इतर पुढारी पकडले गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने काही मित्रांच्या साहाय्याने एक गुप्त प्रक्षेपण केंद्र उभारले. २७ ऑगस्ट रोजी ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र आज या घरात तर काही दिवसांनी दुसऱ्या घरात हलवावे लागे. चिमूर, आष्टी येथील अत्याचारांच्या, देशभरातील हरताळांच्या बातम्या या केंद्राने दिल्या. सुमारे अडीच महिन्यांनी, १२ नोव्हेंबरच्या रात्री, प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस दारावर आले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तपासात त्यांनी सहकाऱ्यांविषयी चकार शब्द काढला नाही. बोलण्यासाठी ज्यांनी एवढा धोका पत्करला, त्यांना गप्प राहण्याचीही कला अवगत होती.

अशीच एक हकीकत फिलिपीन्स या बेटांच्या देशातील आहे. हजारो बेटांत विखुरलेल्या त्या लोकांना बांधून ठेवणारे साधन प्रामुख्याने रेडिओच. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस यांच्या हुकूमशाहीविरुद्ध मनिलाच्या रस्त्यावर या, अशी हाक कार्डिनल सिन यांनी ‘रेडिओ व्हेरितास’वरून दिली आणि लक्षावधी माणसे निःशस्त्र येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्या केंद्राचे प्रक्षेपणयंत्र फोडण्यात आले. तेव्हा जून कीथली ही निवेदिका दुसऱ्या केंद्रावर गेली आणि रात्रभर बोलत राहिली.

पण असे प्रसंग विरळा. या व्यवसायाचा खरा कस लागतो तो रोजच्या साध्या कामात.

निवेदकाची खोली बाहेरून पाहणाऱ्याला निराश करील अशीच असते. भिंतींना आवाज शोषून घेणारे आच्छादन, एकामागून एक दोन जड दारे, एक मेज, एक घड्याळ आणि एक ध्वनिक्षेपक. दारावरचा तांबडा दिवा लागला, की आत कोणी खुर्चीही सरकवायची नाही. कागद उलटल्याचा सळसळाट, हातातील बांगडीचा किणकिणाट, जिभेचा ‘च्’ असा बारीक आवाज, हे सारे ध्वनिक्षेपक इमानाने टिपतो. म्हणून वाचायचे कागद टाचून न ठेवता सुटे ठेवतात आणि वाचून झालेला कागद अलगद बाजूला सरकवतात. काचेच्या पलीकडे तंत्रज्ञ असतो. बोटांच्या खुणांनी त्यांचा संवाद चालतो. निवेदकाची पाळी पहाटेची असेल, तर गाव झोपेत असताना त्याला घर सोडावे लागते. कारण धून वाजून संपल्यावर एक क्षणही शांतता पसरली, तर ऐकणाऱ्याला केंद्र बंद पडले असे वाटते.

छापलेल्या मजकुरापेक्षा बोलण्याच्या मजकुराची तऱ्हा निराळी असते. वाचकाला एखादे वाक्य कळले नाही, तर तो मागे वळून पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. त्यामुळे ‘वर सांगितल्याप्रमाणे’ किंवा ‘खालील यादी’ असे शब्द नभोवाणीच्या लेखनात निरर्थक ठरतात. तेथे वरही नाही आणि खालीही नाही. वाक्य लांबले, की कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते आणि शेतात नांगर धरून ऐकणारा मध्येच हरवतो. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात हजारबाराशे शब्दांहून अधिक मावत नाहीत. तेवढ्यात राज्य, देश, खेळ आणि हवामान बसवायचे असते. कोणते हजार शब्द ठेवायचे याहून कोणते गाळायचे, हे ठरवणे अवघड.

मराठीतील च, ज, झ या वर्णांचे दोन दोन उच्चार आहेत, ही गोष्ट शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवली जाते आणि पुष्कळदा तेथेच राहून जाते. ‘चार गावे’ यातला ‘च’ तालव्य आणि ‘जनावरांचा चारा’ यातला ‘च’ दंततालव्य. ‘जरा थांबा’ मधला ‘जरा’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ वेगळी. कागदावर अक्षर एकच. फरक फक्त जीभ करते. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतील फरक तर पैशांतला आहे. बाजारभाव सांगताना शेवटचे अक्षर गिळले, तर ऐकणाऱ्याचे दहा रुपये इकडचे तिकडे होतात. म्हणून चांगले वृत्तनिवेदक आकड्यापाशी किंचित थबकतात आणि मगच तो उच्चारतात. पुणे केंद्रावरील सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदिका महाराष्ट्रात घरोघरी ओळखल्या गेल्या, त्या केवळ आवाजाच्या गोडव्याने नव्हे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर लोक घड्याळे लावीत. त्या घड्याळांइतकाच शब्दांवरही त्यांचा भरवसा होता.

येथे एक प्रश्न परतूरकडच्या विद्यार्थ्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. मराठवाड्याच्या बोलीचा स्वतःचा हेल आहे, तिच्यात उर्दूतून आलेले शेकडो शब्द मुरलेले आहेत. असे बोलणाऱ्याने नभोवाणीची वाट धरावी की नाही? बातमीपत्र प्रमाणभाषेतच वाचले जाते, आणि ते योग्यही आहे. कारण ते कोकणापासून विदर्भापर्यंत सर्वांना सारखे कळले पाहिजे. परंतु शेतीविषयक कार्यक्रमात पुस्तकी भाषा बोलणाऱ्याकडे शेतकरी पाठ फिरवतो. बोलीची लाज बाळगणारा निवेदक तेथे कुचकामाचा. दोन्ही भाषा ज्याला येतात आणि कोणती केव्हा वापरावी हे ज्याला कळते, त्याला या व्यवसायात मागणी असते. व्यंकटेश माडगूळकर हे माणदेशाच्या मातीतले लेखक पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात अनेक वर्षे होते. गावची भाषा त्यांनी केंद्रात शिरताना दाराबाहेर ठेवली नाही.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तीनच वर्षांत त्याने जगाचे लक्ष वेधून घेणारा एक प्रयोग केला. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. युनेस्को या संस्थेचे त्याला साहाय्य होते. प्रत्येक मंडळात वीसएक गावकरी. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, ऐकून झाल्यावर त्यावर आपापसांत चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा एक मोठी बोधप्रद गोष्ट आढळली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तेथील लोकांच्या ज्ञानात फारशी भर पडली नाही. ज्या गावांत ऐकून चर्चा होत असे, तेथे ती पुष्कळ पडली. बोलणारा कितीही चांगला असला, तरी ऐकणाऱ्यांनी एकत्र बसून त्याचे बोलणे पारखले नाही, तर अर्धे काम राहूनच जाते. एकट्याने कानाला यंत्र लावून ऐकण्याच्या या दिवसांत तो निष्कर्ष पुन्हा वाचण्यासारखा आहे.

पुढे तमिळनाडूत तंजावरकडच्या शेतकऱ्यांनी भाताचे एक नवे वाण नभोवाणीवर ऐकून पेरले आणि त्याचे नावच ‘रेडिओ भात’ असे पाडले. परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यातील तज्ज्ञ तेथील केंद्रावरून बोलू लागले. कापसावर कोणती कीड पडली आहे, कोणते औषध किती पाण्यात मिसळावे, हे निरक्षर शेतकऱ्यालाही बांधावर बसून ऐकता आले. औषधाचे प्रमाण सांगताना निवेदकाची जीभ घसरली तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. सरावलेले निवेदक असे प्रमाण दोनदा सांगतात. कान देऊन ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटते. पेन्सिल शोधत असलेल्याला वाटत नाही.

कलावंतांनाही या केंद्रांनी मोठे अंगण दिले. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, चिं. त्र्यं. खानोलकर अशी साहित्यातील माणसे वेगवेगळ्या काळी नभोवाणीच्या सेवेत होती. ‘गीतरामायण’ हे तर पुणे केंद्राचेच अपत्य. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेले नवे गीत दर आठवड्याला सादर होऊ लागले. अशी छप्पन्न गीते झाली. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला, तेव्हा केंद्राचे सीताकांत लाड यांनी कवींना एका खोलीत बसवून कडी लावली आणि थोड्या वेळातच नवे गीत लिहून मिळाले, असे सांगतात. गाणे लागण्याच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. मुंबई केंद्रावरील बाळ कुडतरकर आणि त्यांचे सहकारी यांच्या ‘प्रपंच’ मालिकेतील टेकाडे भावजी व मीनावहिनी ही माणसे कित्येकांना आपल्या शेजारची वाटत.

सरकारी खात्याकडून चुकाही झाल्या. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. पुण्याचे हे विद्वान गृहस्थ शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त होते. लोकांची अभिरुची उंचावावी म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले. परिणाम उलटाच झाला. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि सिलोनचे केंद्र लावले. मुंबईचे अमीन सयानी यांची गीतमाला तेथून त्याच वर्षी सुरू झाली आणि तिच्या वेळी रस्ते ओस पडू लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीने सिनेसंगीताला घरात घेतले. मात्र केसकरांच्या काळातच अनेक थोर गायकवादकांना नभोवाणीचा स्थिर आधार लाभला, हेही विसरू नये.

आज चित्र पालटले आहे. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयात भरावा लागणारा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला; दूरचित्रवाणी आली, मग भ्रमणध्वनी आला. या शतकाच्या आरंभी शहरांतून खासगी एफएम केंद्रे निघाली. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. साताऱ्याकडील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र तसेच. तेथे गावच्या बायका स्वतः ध्वनिक्षेपकासमोर बसतात. व्यवसायाचे क्षेत्र असे रुंदावले असले, तरी भाकरीचा प्रश्न सोपा झालेला नाही. आकाशवाणीत कायम निवेदकांच्या जागा फारच थोड्या आहेत. पुष्कळसे काम नैमित्तिक निवेदकांकडून करून घेतले जाते. त्यांना महिन्यात मोजक्या पाळ्या मिळतात आणि पाळीगणिक मानधन मिळते. तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून शिक्षक, वकील, शेतकरी असा दुसरा व्यवसाय सांभाळून हे काम करणारेच बहुसंख्य. तंत्रज्ञांची नोकरी त्या मानाने स्थिर. पण तिला अभियांत्रिकीचे शिक्षण लागते.

निवेदकाची निवड लेखी परीक्षेने आणि स्वरचाचणीने होते. लेखी परीक्षेत भाषा, साहित्य, संगीत आणि चालू घडामोडी यांवर प्रश्न असतात. स्वरचाचणीच्या वेळी उमेदवार एकटाच ध्वनिक्षेपकासमोर बसतो आणि परीक्षक दुसऱ्या खोलीत ध्वनिवर्धकावर त्याला ऐकतात. त्यांना चेहरा, पोशाख, गाव यांच्याशी कर्तव्य नसते. उमेदवाराला एक बातमी वाचावी लागते, ललित गद्याचा एक उतारा वाचावा लागतो, एखाद्या गाण्याचे निवेदन करावे लागते, आणि शेवटी आयत्या वेळी दिलेल्या विषयावर दोन मिनिटे बोलावे लागते. कागदावर जोडाक्षरे, परदेशी नावे आणि मोठमोठे आकडे मुद्दाम पेरलेले असतात. चुकले तर थांबून, क्षमस्व म्हणून, तोच शब्द पुन्हा नीट उच्चारायचा असतो. चूक लपवून पुढे धावणारा उमेदवार तेथेच मागे पडतो.